वरच्या बाईंची चौकशी

वरच्या बाई मालाबद्दल कधीच आधी बोलत नसत. आमच्या धंद्याच्या साखळीत ज्या बाईने आपल्याला आणलं ती आपल्या वरची, म्हणून त्या वरच्या बाई. सासूबाईंचा गुडघा कसा आहे, धाकटीची परीक्षा कशी गेली, हे त्या आधी विचारत. आणि ते त्यांच्या लक्षात राही. मला नवऱ्याने सकाळी सांगितलेलं संध्याकाळी आठवत नाही. बाईंना मात्र कोणाच्या भावजयीला कधीपासून झोप लागत नाही तेसुद्धा पाठ.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका लहानशा हॉलमध्ये शनिवारी दुपारी त्यांची मीटिंग भरायची. साबण, तेल, ताकदीची पावडर. मी साबण घ्यायला म्हणून गेले आणि सहा महिन्यांत बाईंनी माझ्या हातात माइक दिला. "घाबरतेस काय? बायकाच बसल्यात समोर, वाघ नाय," असं म्हणून त्या शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. मी भरकटले की त्या पदर सावरायच्या, आणि मी मुद्द्यावर यायचे. इतक्या मायेने मला कोणीही काही शिकवलं नव्हतं. शाळेत तर नाहीच नाही.

घरोघरी जातानाही त्यांचे नियम होते. "बेल वाजवायच्या आधी दारातल्या चपला बघ गं. पुरुषाच्या असल्या तर पुढचं दार." नकार मिळाला की म्हणायच्या, "माणूस नाही म्हणत नसतो, थांब म्हणत असतो." आणि सगळ्यात मोठा नियम: "आधी चौकशी, मग कॅटलॉग. दुखतंय कुठे ते कळल्याशिवाय पिशवी उघडायची नाही."

आईचं ऑपरेशन झालं तेव्हा बाई रोज डोंबिवलीहून पेजेचा डबा घेऊन आल्या. पाच दिवस. माझी सख्खी जाऊ एकदा डोकावून गेली तेवढीच. पाचव्या दिवशी पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीच्या सुनेने बाईंकडून पावडरीचा डबा घेतला. लाज वाटायची सोडून मला तेव्हा त्यांचं कौतुकच वाटलं.

वर्तकनगरात आमच्या समोरच्या दारात सुनीता राहते. तेव्हा आमच्या घराची किल्ली तिच्याकडे असायची, तिची माझ्याकडे. तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली, तेव्हा ती माझ्या ओट्याला टेकून ढसाढसा रडली होती. मी ते बोलता बोलता बाईंना सांगितलं. "अगं, मग हीच तुझ्या हाताखालची पहिली लीडर! दुखणं ताजं आहे, आजच जा," बाई म्हणाल्या. मी गेले. तिचा हात हातात घेतला, सगळी चौकशी केली, आणि मग पिशवी उघडली.

सुनीताने बांगड्या मोडून माल उचलला. खपला नाही. दिवाणाखाली डब्यांवरची तारीख उलटून गेली. तिने भांडण केलं नाही. आपल्या घराची किल्ली परत मागायला आली आणि दारातच म्हणाली, "मी रडत होते ना, तेव्हा तू काय ऐकत होतीस गं?"

मी रडत बाईंकडे गेले. "अगं, ती थांब म्हणतेय," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी धंदा सोडला. काही महिन्यांनी कळलं की बाईंनीही कंपनी बदलली.

संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. बिल्डिंगमधलं कोणी फिरकलं नाही. आदल्या वर्षी मी बाईंच्या सल्ल्याने वाण म्हणून पावडरीच्या पुड्या वाटल्या होत्या, ते बायका विसरल्या नव्हत्या. आल्या त्या एकट्या बाई, थेट डोंबिवलीहून. तिळगूळ घेऊन हळूच विचारलं, "समोरची कशी आहे गं?" खरोखरच्या काळजीने विचारलं असेल. मी मात्र त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीकडेच बघत राहिले. बाईंना ते कळलं असावं. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

बाईंचा मला मनस्वी राग येतो. पेज आठवली की रडू येतं.

गेल्या आठवड्यात सुनीता जिना चढताना लंगडत होती. राहवलं नाही म्हणून विचारलं, "पायाला काय झालं गं?" तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीत मेथीची जुडी होती. ती काढून तिला दाखवावी असं वाटलं, पण तोवर तिने दार लावून घेतलं होतं.