घोडीच्या शेपटीचा गज

हिंगणघाटच्या किसनराव बँडमास्तरांना वरातीत कुणीही ओळखावं, कारण अख्ख्या बँडात काहीच न वाजवणारा माणूस तेवढा एकच. एरवी ते कापडगिरणीत साच्यावर कामाला असत. लग्नसराईत वेताची छडी घेऊन अठरा जणांना नाचवत. छडी वर गेली की समुद्रपूरपर्यंत दणका ऐकू जावा. जीव मात्र व्हायोलिनवर. पण वरातीत व्हायोलिन वाजवणं म्हणजे भरबाजारात कानगोष्ट सांगणं. म्हणून ते त्यांनी शेजारच्या भागीरथेला शिकवलं, दहा वर्षं, रोज, कपभर चहावर.

१९७८ साली पोरीला नागपूर रेडिओच्या परीक्षेचं बोलावणं आलं. पास झाली तर वाजवणं हेच तिचं काम. नापास झाली तर मामानं ठरवलेलं लग्न आणि व्हायोलिन माळ्यावर. एसटीत धक्के लागू नयेत म्हणून मास्तरांनी मोठ्या प्रेमानं व्हायोलिन आणि ते वाजवायचा गज सरकीसकट कापसात बांधून ठेवले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! सरकीच्या वासानं उंदीर आले आणि गजाला ताणलेले घोड्याच्या शेपटीचे सगळे केस कुरतडून गेले. परीक्षा सोमवारी सकाळी, आणि रविवारी नागपूरची दुकानं बंद. 

त्याच रविवारी गावात वरात होती. मास्तर टकला गज घेऊन घोडीवाल्या मंगरूकडे गेले. "मंगरू, तुह्या घोडीच्या शेपटीचे केस पाह्यजे."

"आठ वर्षं झाले, तुमच्या ढोलानं माही घोडी बिचकून राह्यली," मंगरू म्हणाला. "आज ढोल बंद ठेवा, मंग पाह्यजे तेवढे घ्या."

ढोलाविना वरात म्हणजे मास्तरांच्या नावाला बट्टा. त्यांनी एकदा गजाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठेवतो बंद."

मांडवामागे बसून त्यांनी केस विंचरले, बांधले, राळ लावली. वरात निघाली. मास्तरांनी छडी कमरेच्या वर जाऊ दिली नाही. वरबाप खवळला, "मास्तर, वरात हाये का मयत?" लोक हसले. तेवढ्यात नवे केस रुळवायला भागीरथेनं क्लॅरिनेटवाल्यांमध्ये उभं राहून गज ओढला. हिंगणघाटच्या रस्त्यावर व्हायोलिन पहिल्यांदा ऐकू आलं. घोडी कान टवकारून शहाण्यासारखी चालली. वरबाप काही विरघळला नाही. पुढच्या दोन लग्नांच्या सुपाऱ्या दुसऱ्या बँडकडे गेल्या.

भागीरथा पास झाली. पुढं तिचं नाव झालं, तरी दर दिवाळीला गावी आली की आधी मंगरूच्या दारी जाई आणि घोडीला गूळ घालून मूठभर केस मागून नेई.

१९८६ साली नागपुरात तिचा मोठा कार्यक्रम झाला. तिनं मास्तरांना आणि मंगरूला पहिल्या रांगेत बसवलं. वाजवता वाजवता सूर इतका बारीक झाला की सभागृहात कुणी खोकेना. मंगरूला राहवलं नाही. तो उभा राहून ओरडला, "ते केस माह्या घोडीचे हायेत!"

सगळं सभागृह वळलं. भागीरथा वाजवता वाजवता हसली. मंगरूला गप्प करायला मास्तरांचा हात सवयीनं वर गेला. मग त्यांना तो रविवार आठवला, डोळे भरून आले, आणि त्या हाताला दुसरा हात जोडून त्यांनी मंगरूला नमस्कार केला.