विमानातले गव्हले

आमच्या ह्यांना गव्हले वळायला मी शिकवलं, हे मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनी तशी तंबीच दिली होती. आता तंबी देणारं माणूस राहिलं नाही आणि माझ्याही पोटात काही राहत नाही, म्हणून सांगते.

पन्नास साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. पिंपरीला औषधांचा कारखाना नवा होता आणि आमची क्वार्टरही नवी. भिंतींना चुन्याचा वास यायचा, मागचं दार उघडलं की थेट ज्वारीच दिसायची. वाकड, हिंजवडी ही तेव्हा जिथून भाजीच्या बैलगाड्या यायच्या ती गावं. माझं माहेर चाकणच्या अंगाला, कांद्या-बटाट्याच्या वावरातलं. ह्यांचं गावही तिकडचंच, पण हे पुण्यात टेक्निकल शिकले आणि कारखान्यात गेज दुरुस्तीला लागले. गेज म्हणजे दाब दाखवणारं घड्याळासारखं यंत्र. त्याच्या पोटात केसाएवढी बारीक स्प्रिंग असते, ती चिमट्यानं उचलून जागी बसवायची. ह्यांच्या बोटांचं खात्यात नाव होतं. घरात मात्र खिळा ठोकायला मला शेजारी जावं लागे, ती गोष्ट वेगळी.

ह्यांना दुसरं वेड विमानांचं. खरी नव्हेत, लाकडाची. लढाईच्या काळात कुठूनतरी चित्रं मिळवून हे चहाच्या खोक्याच्या फळ्या कोरत बसायचे, ते लग्नानंतरही सुटलं नाही. सणासुदीला मी पुरण वाटतेय आणि हे विमानाच्या शेपटीला पॉलिशपेपर घासतायत, असा आमचा संसार. कारखान्यात एक परदेशी इंजिनिअर होता. मायदेशी जाताना त्यानं ह्यांना एक खोकं दिलं. त्यात डाकोटा विमानाचे ओबडधोबड कापलेले, कापसासारख्या हलक्या लाकडाचे ठोकळे, एक मोठा नकाशा आणि पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं होती. हे त्या खोक्याकडे असे बघत बसले की मला जरा रागच आला. आमच्या लग्नातही माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

खोकं आलं आणि महिन्याभरात, भर उन्हाळ्यात, मुंबई रस्त्यावर ह्यांची सायकल घसरली. समोरून येणाऱ्या बैलगाडीचं चाक उजव्या हातावरून गेलं. पुण्याच्या डॉक्टरांनी बोटं वाचवली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं लाकूड झाली. वाकायची नाहीत, आणि वाकली तर थरथरायची. शर्टाची बटणंसुद्धा लागत नव्हती. रोज सकाळी हनुवटी वर करून हे माझ्यापुढे उभे राहायचे, छताकडे बघत, आणि मी बटणं लावायचे.

ह्यांचे साहेब घरी येऊन गेले. भला माणूस. म्हणाले, "दिवाळीपर्यंत तुमची जागा कुणाला देत नाही. दिवाळी झाली की या, माझ्यासमोर एक गेज उघडून परत जुळवून दाखवा. जमलं तर टेबल तुमचंच. नाही जमलं तर गेटवर पास तपासायला बसवू, पगाराचं बघू." पगाराचं ह्यांनी ऐकलंच नाही. साहेब गेल्यावर म्हणाले, "गेटवर बसण्यापरीस मी गावाला जाऊन ढोरं राखीन." आणि मला ठाऊक होतं, हे खरोखर गेटवर बसले तर दिसायला जिवंत राहतील, एवढंच. मी देवाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

पाऊस सुरू झाला. ह्यांनी खोकं काढून एकदा कोरायचं पातं धरून पाहिलं, ते सुटून पायावर पडलं. खोकं कपाटावर गेलं आणि हे भिंतीकडे तोंड करून बसू लागले. माझ्यावर खेकसायचे, मीही खेकसायचे. मी काही सोशिक बाई नव्हे.

तुळशीच्या लग्नानंतर माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. लग्नाच्या खिरीला गव्हले लागतात. एरवी ते उन्हाळ्यात वळून, वाळवून डब्यात भरायचे, पण यंदाचा उन्हाळा दवाखान्यातच गेला. म्हणून भर आषाढात मी रवा भिजवून बसले. चिमूटभर पीठ घ्यायचं, अंगठा आणि बोटाच्या मधे फिरवायचं, तांदळाएवढा दाणा ताटात टाकायचा. माझी बोटं चालली होती आणि हे टक लावून बघत होते. माझ्या डोक्यात एकदम आलं.

"आवं, बसा हितं," मी म्हटलं. "वळा."

"मी? बायकांचं काम हाय ते."

"भिताडाकडं बघणं कुणाचं काम हाय? कडी लावते दाराला. बसा."

बसले बिचारे. पहिल्या दिवशी वळले ते चिंचोके होते. मी हसले, तर ताट ढकलून उठले. दुसऱ्या दिवशी आपणहून येऊन बसले. पीठ मऊ, मेहनत काही नाही, पण अंगठ्याला बोट शोधावं लागतं, आणि नेमकं तेच हरवलेलं होतं. चिंचोक्यांचे हरभरे झाले. हरभऱ्यांचे गहू व्हायला श्रावण लागला. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला होता, तो कॉटखाली गडगडत होता.

एक दिवस मागच्या दाराची कडी लावायची राहिली आणि पापडवाली अम्मा आत आली. ही पिंपरी कॅम्पातली सिंधी म्हातारी, फाळणीत कराचीहून आलेली. कॉलनीत पापड विकायची. गव्हले वळणारा पुरुष बघून ती हसेल म्हणून ह्यांनी हात धोतरात लपवले. पण तिचं लक्ष कपाटावरच्या खोक्याकडे गेलं. खोक्यावर विमानाचं रंगीत चित्र होतं, खिडक्यांना पडदे, आत खुर्च्यांवर टोपीवाल्या बायका.

"इसी में आई थी मैं," अम्मा म्हणाली. मग बोट नाचवून म्हणाली, "मगर ये झूठ है. कुर्सी नहीं थी. सब नीचे बैठे थे."

ह्यांनी पीठ खाली ठेवलं. "नीचे? कैसे?"

अम्मा आमच्या फरशीवर बसली, गुडघे पोटाशी घेतले आणि एक हात वर करून हवेतली दोरी धरली. मांडीवर शिवणयंत्र होतं म्हणाली, नुसतं वरचं मशीन, पाय काढलेलं. कपाळ काचेला लावून ती घर दिसेनासं होईपर्यंत बघत होती.

त्याच दिवशी खोकं खाली आलं. ह्यांनी ठरवलं, नकाशातलं पडद्यांचं विमान करायचं नाही, अम्माचं करायचं. विमानाच्या पोटाची दोन अर्धुकं पोखरायची, खुर्च्या लावायच्याच नाहीत, आणि एका बाजूची भिंत कापून आतलं सगळं दिसेल असं उघडं ठेवायचं. आधी पातं डाव्या हातात होतं, मग कधी उजव्यात गेलं ते मलाही कळलं नाही. इंजिनाला दोरा गुंडाळून त्याची नळकांडी केली. ग्रामोफोनच्या जुन्या सुईनं टोचून टोचून रिव्हेटच्या रांगा काढल्या. वायरलेसची तार म्हणून माझा एक केस उपटला, न विचारता. अम्मा पापडाची टोपली बाजूला ठेवून मुकादमासारखी बसायची. दोरी इथं नाही, वर. बोचकी जास्त होती. दार मोठं होतं, दोन झडपांचं. ह्यांनी मुकाट्यानं सगळं खोडून परत केलं. माझ्या सांगण्यावरून एक पडदासुद्धा कधी सरकवला नव्हता या माणसानं.

राहिले प्रवासी. लाकडाचे करायला गेले तर कपची उडायची. मग ह्यांनीच माझ्याकडे न बघता पिठाचा गोळा ओढला. जाडसर गव्हला म्हणजे अंग, दोन बारीक म्हणजे दुमडलेले पाय, डोक्याला मोहरीचा दाणा. कुंकू, हळद आणि नीळ कालवून साड्या-सदरे रंगवले. सुरुवातीला एकेक माणूस व्हायला दिवस दिवस जायचा, मधेच हात थरथरला की माणूस चिरडायचा, आणि हे शिवी देऊन नवा घ्यायचे. दसऱ्याच्या सुमाराला विमान भरलं. खिडकीशी कपाळ टेकलेली एक होती, मांडीवर मशीनसकट. उघड्या बाजूला फोटोच्या फिल्मचा तुकडा धुऊन काचेसारखा चिकटवला आणि विमान कपाटात ठेवलं. साहेबांना दाखवायचं ठरलं. हे म्हणाले, "गेज उघडायच्या आधी हे समोर ठेवतो. बघू दे त्यांना."

जायच्या आदल्या दिवशी दुपारी विमान कपाटातून काढलं तर आत कुणीच नव्हतं. फिल्मच्या आड पिठूळ भुगा होता, त्यात मोहऱ्या गडगडत होत्या, आणि दोन-तीन पोरकिडे ऐटीत फिरत होते. पावसाळ्यातल्या रव्याचे, ऊन न दाखवलेले गव्हले! पोरकिडे पडणार नाहीत तर काय? जन्मभर मी डाळ-तांदूळ उन्हात घालत आले आणि ह्या प्रवाशांना ऊन दाखवायचं मला सुचलं नाही, कारण माझ्या लेखी ते गव्हले राहिलेच नव्हते, माणसं झाली होती.

मी रडायला लागले. ह्यांनी फिल्म सोलली, विमान उलटं करून भुगा झटकला आणि म्हणाले, "रवा भिजव."

मी रवा भिजवला आणि डाळ चुलीवर ठेवली. पाठ करून बसले होते, कारण मला ते बघवत नव्हतं. डाळ शिजली, फोडणी दिली, वळून बघते तर ताटात अख्खं विमान भरेल एवढी माणसं बसली होती. अंग, पाय, मोहरीची डोकी. एकही चिरडलेलं नाही. ह्यांनी स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला होता आणि त्याच्याकडे असे बघत होते की जणू तो कुणी परत आणून दिलाय. बोटं थरथरत नव्हती. कधीपासून थरथरत नव्हती, आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. पोरकिड्यांनी ते पीठ खाल्लं नसतं तर आम्हाला त्या दिवशी ते कळलंच नसतं. आजही धान्यात पोरकिडा दिसला की मी त्याला सुपातून हळूच अंगणात सोडते. सुना हसतात. हसू देत.

सकाळी मी बटणं लावायला पुढे झाले तर लावून झाली होती. हे विमान न घेताच गेले. "त्याची गरज न्हाई," म्हणाले. संध्याकाळी सायकलची घंटा फाटकापासूनच वाजत आली, तेव्हा मी काही विचारलंच नाही. टेबल ह्यांचंच राहिलं.

नवे प्रवासी खणखणीत वाळवून विमान अम्माला दिलं. तिनं खिडकीतल्या त्या बाईकडे खूप वेळ बघितलं आणि मग माझ्या ह्यांचा उजवा हात दोन्ही हातांनी धरून आपल्या कपाळाला लावला. त्या म्हातारीचे उपकार माझ्यावर आहेत, हे तिला मी कधी नीट सांगू शकले नाही. माझं हिंदी पापडापुरतंच होतं.

पण मला सांगायचंय ते टेबल परत मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. मी चहा करत होते. हे कामावर जायच्या वेळी स्वयंपाकघरात आले आणि माझ्यापुढे उभे राहिले. शर्ट उघडा, हनुवटी वर, डोळे छताकडे.

"आवं, हात बरा झालाय ना?"

"झालाय की."

"मग?"

"लाव," हे म्हणाले.

मी लावली. रिटायर होईपर्यंत रोज लावली.