टाळू लवकर भरली

आमच्या लालबागच्या खोलीत सकाळी पाऊण तास पाणी यायचं. आठ माणसांना तेच दिवसभर पुरवायचं, म्हणून गॅलरीत दोन पिंपं कायम भरलेली. झाकणं केव्हाच फुटलेली, वर एक फळकुट. डास त्यातच व्हायचे.

त्या घरातली मी पहिली पदवीधर. माहेरीही पहिलीच. हे सांगायची संधी मी सोडत नसे, विशेषतः मोठ्या जावेसमोर. ती दहावीला बसलीच नव्हती. आम्हा दोघींना दिवस एकदमच गेले. तिसऱ्या महिन्यात मला ताप आला, अंगावर पुरळ उठलं, डोळे लाल झाले. तीन दिवसांत सगळं ओसरलं. उष्णतेने झालं असेल म्हणून मी डॉक्टरांना सांगितलंही नाही. पदवीधर असून.

तिला मुलगा झाला, मला मुलगी. दोन महिन्यांनी माझ्या मुलीच्या डोक्यावर तेल घालताना सासूबाई म्हणाल्या, "बघ गो, चेडवाची टाळू भरली पण. हुशार होतलां."

जावेच्या मुलाची टाळू अजून मऊ होती, उडायची. जाऊ म्हणाली, "भरणारच. कॉलेजातलं डोकं ते."

टोमणा मला गोड लागला.

पण मुलगी सारखी रडायची. हातपाय ताठ, मुठी सुटत नसत, दूध गिळताना ठसका. लसीच्या वेळी डॉक्टरांनी तिच्या डोक्याला टेप लावला, जुना आकडा पाहिला आणि विचारलं, "गरोदरपणी ताप? पुरळ?" मग तपासण्या झाल्या. झिका, डासांतून आलेला. टाळू लवकर भरली, कारण आत मेंदू वाढतच नव्हता.

एका सकाळी जाऊ पाणी भरायला गेली, तेव्हा तिचाच शिलाईचा टेप घेऊन मी तिच्या मुलाचं डोकं मोजलं. माझ्या मुलीपेक्षा तीन बोटं जास्त. तेवढ्यात ती हंडा घेऊन दारात.

"काय गं, टोपडं शिवतेस?"

"हो."

"तुला सुईत दोरा ओवता येत नाही." तिने टेप घेतला, गुंडाळला. "रोज मोजलंस तरी त्याचं कमी नाही व्हायचं."

ते कमी निघावं, असंच मला वाटत होतं.

परळच्या हॉस्पिटलात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, "आधी मान धरू दे, बाकीचं नंतर. पालथी घाला, समोर आवाज करा." मी वहीत वेळा आखून खुळखुळा वाजवायचे. मुलगी तोंड चादरीत खुपसून पडायची. जावेचा मुलगा बसला, रांगला, चालला. प्रत्येक वेळी घरात कौतुक सुरू झालं की मी गॅलरीत जायचे.

एका दुपारी मी वही भरत होते. त्या पोराने पातेलं उपडं घातलं आणि पळीने बडवायला लागला. चादरीवरून मुलीचं डोकं वर आलं. हललं, पण खाली गेलं नाही. त्याच्याकडे वळलं.

"माझ्या कार्ट्याला बघायला उठली हो बाईसाहेब," जाऊ म्हणाली.

इतके महिने खुळखुळा मी वाजवला होता.

"वहिनी," मी म्हटलं, "त्याला अजून वाजवायला सांगा."

त्याने वाजवलं. मी घड्याळ लावून पाहिलं, पूर्ण एक मिनिट. मुलगी तेव्हा एकवीस महिन्यांची होती. तिने मान धरली.