डांबराचं जहाज

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे ते म्हणजे धरणगावचे आमचे इंग्रजीचे शिक्षक, नाना. कापसाच्या जिनिंगमधल्या हमालाच्या मुलाला त्यांनीच कॉलेजपर्यंत रेटत नेलं. मी पुण्याला निघालो त्या सकाळी ते सायकल ढकलत स्टँडवर आले. एसटी सुटेना, तेव्हा म्हणाले, "याला इंग्रजीत ‘टॅरी’ म्हणतात. निघता निघता रेंगाळणं. जुना शब्द, आता कोणी वापरत नाही. पण तो आला कुठून, ते माझ्या डिक्शनरीत नाही. तिकडे मोठी असेल. बघून कळव."

खिडकीशी उभे असलेले वडील आमच्या अहिराणीत म्हणाले, "बठ्ठं इसरजो, पण नानानी सांगेल काम इसरू नको."

कॉलेजच्या लायब्ररीत ती मोठी डिक्शनरी कुलूपबंद कपाटात असायची. काउंटरवरच्या बाईंशी इंग्रजीत बोलावं लागेल, या भीतीने मी तीनदा दारातून परतलो. शेवटी पोस्टकार्डावर मनानेच लिहिलं: जहाजाच्या बुडाला डांबर, म्हणजे ‘टार’, लावलं की ते वाळेपर्यंत खलाशांना बंदरात थांबावं लागे, त्यावरून ‘टॅरी’. नानांचं उत्तर आलं, "शाब्बास. वर्गात वाचून दाखवलं."

पुढे नोकरी लागली, फ्लॅट झाला, वडील गेले, गावातली खोली सुटली. पोस्टकार्ड मी विसरलो.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात धरणगावची एक मुलगी लागली. माझं गाव कळल्यापासून ती मला भाऊ म्हणते. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी सगळे निघाले तरी मी लॅपटॉपपाशीच होतो. ती बॅग उचलत म्हणाली, "काय भाऊ, डांबर वाळानं बाकी शे का?"

डांबर वाळायचं बाकी आहे का, हे कुठलं, मी विचारलं.

"नाना सरांचं. रिटायर झाले तरी घरी दहावीचा क्लास घेतात. दर वर्षी फळ्यावर जहाज काढून सांगतात. पुण्याला गेलेल्या त्यांच्या एका विद्यार्थ्याने शोधलंय म्हणे. तुम्ही ओळखता का त्याला?"

मी नाही म्हणालो.

तेव्हापासून रस्त्यावर डांबराचा वास आला की पाय अडखळतात. समुद्र न पाहिलेल्या किती मुलांनी ते जहाज वहीत उतरवून घेतलं असेल? गावात माझं म्हणून आता तेवढंच उरलं आहे. काल पत्र टाकलं.

"तीर्थस्वरूप नानांस साष्टांग नमस्कार.
‘टॅरी’ आज मोठ्या डिक्शनरीत पाहिला. तिथे लिहिलं आहे, मूळ अज्ञात. पूर्वी त्याचा अर्थ दुसऱ्याला खोळंबवून ठेवणं असाही होता. तुम्हाला मी बावीस वर्षं खोळंबवलं. डांबराची गोष्ट माझ्या मनची. कपाट उघडा म्हणायची मला लाज वाटली होती. हे पत्रही वर्गात वाचा, माझ्या नावासकट. रविवारी सकाळी येतो. फळ्यावरचं जहाज मीच पुसेन. तोवर थांबा."