सातवा दात

म्हशीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. गाईला नसतात, शेळीलाही नसतात. तिथं नुसती कडक हिरडी असते आणि खालचे दात तिच्यावर घासून ती वैरण तोडते. वर्गात मी हे सांगते तेव्हा गावाकडची पोरं ‘त्यात काय एवढं’ अशी बघतात आणि कोल्हापुरातली पोरं एकमेकांना ढोसतात. वीस वर्षं झाली मी विज्ञान शिकवते. हत्तीच्या दाढा मागून पुढं सरकत येतात, आयुष्यात सहा वेळा नव्या येतात आणि सहावी झिजली की हत्ती उपाशी मरतो. उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. गोगलगायीच्या एवढ्याशा जिभेवर हजारो बारीक दात असतात. हे सगळं सांगताना मला फार मजा यायची. गेली तीन वर्षं मात्र दातांचा धडा आला की माझं डोकं फिरतं. का फिरतं ते एकदा सांगूनच टाकते.

माझे सासरे, आबा, म्हशींचे हेडी. म्हणजे बाजारात म्हशींची खरेदी-विक्री जमवून देणारे. जनावराचं वय सांगण्यात त्यांचा हात धरणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. अंगठा गालफडात घालायचा, खालचा ओठ खाली ओढायचा, एक नजर टाकायची आणि सांगायचं, दोन दाती, चार दाती, जुळलेली. दुधाचे पुढचे दात पडून पक्के दात जोडी-जोडीनं येतात, सगळे आले की जुळलेली, त्यावरून हा हिशेब. विकणारा शपथा घ्यायला लागला, की आबा एवढंच म्हणायचे, “माणूस खोटं बोलंल, कागद खोटं बोलंल, दात न्हाय बोलायचा.” घरात लग्न होऊन आल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं, की मला त्याचा वीट आला होता.

माझी लेक आठव्या वर्षापासून तालमीत जाते. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या गटाची जिल्ह्याची निवड होती आणि पहिली येणारी पोरगी राज्याला जाणार होती. त्यासाठी तिनं दोन वर्षं काय केलं नाही? जोर, बैठका, दोरावर चढणं. यात्रेत पाळण्यात बसली नाही, पाय मुरगळेल म्हणून. तिच्या वजनात तिच्या तोडीची एकच पोरगी होती, दुसऱ्या तालमीची, आणि तिला आमच्या लेकीनं आधी दोनदा चीत केलं होतं. वस्ताद मला म्हणाले होते, बाई, बॅग भरून ठेवा.

निवडीच्या दिवशी वजन झालं, नाव पुकारलं आणि समितीतला एक पावणा पुढं आला. तक्रार आलीय म्हणाला. पोरीला अक्कलदाढ आलीय, म्हणजे ही अठराच्या घरातली आहे, वय चोरलंय. मला पहिल्यांदा हसूच आलं. मी पिशवीतून जन्माचा दाखला काढला. त्यानं तो हातातही घेतला नाही. लेकीला म्हणाला, आ कर. तिनं केला. त्या माणसानं सगळ्यांदेखत अंगठा तिच्या गालफडात घातला, गाल ओढला, आत डोकावला आणि मागं वळून सांगितलं, हाय की, दिसतीया. मी म्हटलं, अहो, दाखला तरी बघा. तर तो म्हणतो कसा, “बाई, कागद खोटं बोलंल, दात न्हाय बोलायचा.”

ते वाक्य माझ्या घरातलं होतं.

पण तेव्हा त्याचा विचार करायला सवड नव्हती. मी भांडायला लागले. अहो पावणं, म्हटलं, माणसाला दाढा तीन टप्प्यांत येतात. पहिली सहाव्या वर्षाच्या आसपास, दुसरी बाराव्याच्या आसपास आणि अक्कलदाढ सतरानंतर कधीतरी. पोरींचे दात पोरांपेक्षा जरा आधीच येतात. ही दुसरी दाढ आहे, अक्कलदाढ नव्हे. मधोमध सुरू करून मागं मोजत जा, सातवा दात ही दुसरी दाढ, आठवा आला तर अक्कलदाढ. मोजता येतं ना सातापर्यंत? आणि दात खोटं बोलत नाही म्हणता, तर ऐका. माणूस जन्मतो त्या दिवशीची एक रेघ त्याच्या दुधाच्या दातात उमटते. आईच्या पोटात तयार झालेला भाग एकीकडं आणि बाहेर आल्यावरचा दुसरीकडं. पण ती वाचायला दाताची चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागते. अंगठा घालून दिसत नाही ती!

कुणाच्या टाळक्यात काही शिरत नव्हतं. आणि मग मी जे केलं त्याची मला आजही चीड येते. मी लेकीची हनुवटी धरली, तिचं तोंड उजेडाकडं फिरवलं, बोट आत घातलं आणि त्या सगळ्या बघ्यांसमोर मोठ्यानं दात मोजायला लागले. एक, दोन, तीन. माणसं माना उंचावून बघत होती. एकानं मोबाइल काढला होता. लेक काहीतरी सांगायला बघत होती. तोंडात माझं बोट असल्यामुळं नुसता घशातून आवाज येत होता. गप, हलू नकोस, असं मीच तिला म्हणाले. सात झाले, सातच होते. मी विजयानं मान वर केली, तर समितीचा माणूस पुढच्या जोडीचं नाव पुकारत होता. मला जाता जाता म्हणाला, बाई, इथं शाळा नका भरवू.

डॉक्टरला दाखवा म्हटलं, तर आज वेळ नाही म्हणाले. ती दुसरी पोरगी अंगाला माती न लागता राज्याला गेली.

घरी आले तर आबा बाहेरच्या सोप्यात बसून सुपारी कातरत होते. मी चपला न काढताच विचारलं, आमच्या पोरीच्या दातांबद्दल कुणाशी काय बोललात? त्यांना आधी कळेचना. मग कळलं तसा अडकित्ता खाली ठेवला. पंधरा दिवसांमागं लेक त्यांच्याशी हसत होती. ती हसायची तेव्हा सगळी बत्तिशी दिसायची, म्हणजे तेव्हा अठ्ठावीसच. आबांना मागची नवी दाढ दिसली. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर चारचौघांत त्यांनी फुशारकी मारली, नातीला अक्कलदाढ आली, आता तिला कोण धरतंय! त्या चौघांतला एकजण दुसऱ्या तालमीचा होता.

“मी कौतुकानं बोललो गं,” आबा म्हणाले.

कौतुक! मी त्या दिवशी सासऱ्यांना जे बोलले ते कुठल्याही सुनेनं बोलू नये, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. म्हटलं, आबा, जन्मभर तुम्ही जनावराचे पुढचे दात बघितलेत. दाढ बघितलीय कधी? म्हशीचीसुद्धा? स्वतःच्या दाढा तंबाखूनं चाळिशीत घालवल्यात. अक्कलदाढ कुठली ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि तुमचा शब्द गाव देवाचा मानतं, म्हणून पोरीची दोन वर्षं मातीत गेली. लेक दारात उभी होती. नवऱ्यानं मलाच गप बसवलं, म्हाताऱ्या माणसाला किती बोलायचं म्हणून.

दुसऱ्या दिवशी आबा पटका बांधून एकटेच त्या पावण्याकडं गेले. माझी नजर चुकली, असं त्यांनी तिथं चारचौघांत कबूल केलं. हेड्यानं असं म्हणणं म्हणजे काय असतं ते मला कळतं. पण यादी वर गेली होती. आबांनी नंतर बाजारात जाणं हळूहळू सोडलं. लोक म्हणतात, गुडघे दुखतात म्हणून.

लेक अजून खेळते. पुढच्या वर्षी निवडली गेली, राज्याला जाऊन हरून आली, यंदा परत तयारी चाललीय. पण ती ओठ मिटून हसते. कुणी तोंडाकडं बघायला लागलं की हात पुढं येतो. वस्ताद म्हणतात, मोठी झाली, लाजते. डोंबल लाजते.

गेल्या महिन्यात तिचा जबडा दुखायला लागला, म्हणून दातांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढला. घरी आल्याबरोबर लेकीनं ती फिल्म माझ्या हातातून घेतली, आबांची खाट खिडकीपाशी असते तिथं गेली आणि फिल्म काचेवर धरली. दातांच्या ओळीच्या शेवटी, हिरडीच्या आत, हाडात आडवी पडलेली एक दाढ पांढरी दिसत होती.

“ही अक्कलदाढ, आबा. मला सोळा पुरी झाली तरी अजून बाहेर आली न्हाय.”

आबांनी चष्मा शोधला. फिल्मवर बोट ठेवून त्यांनी मधोमधून दात मोजले, पुटपुटत. सातावर थांबले. आठव्यावर बोट टेकवलं. मग बाजारात वय सांगायचे तसं म्हणाले, म्हंजे तवा तू तेराचीच हुतीस.

“व्हय,” लेक म्हणाली. “तवा तेच सांगत हुते. आईचं बोट हुतं तोंडात.”