वहिनीचा गार पडलेला पाय

खरं सांगते, अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी नेरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. कुणी दृष्ट, बाहेरची बाधा वगैरेंचा विषय काढला की मला आधी हसूच यायचं. पण हे मी स्वतः पाहिलंय... हात लावून पाहिलंय.

बासष्ट-त्रेसष्ट साल असावं. यवतमाळातला एक छोटा खासगी दवाखाना. बाळंतिणींची खोली रस्त्याच्या बाजूला, मध्ये अंगण, आणि पलीकडे डॉक्टरांची ऑपरेशनची खोली. माझ्या भावाला, दादाला, मुलगा झाला होता. पण लेकरू जन्मतःच पिवळं. आईचं आणि बाळाचं रक्त जुळत नाही, बेंबीतून बारीक नळी घालून बाळाचं रक्त बदलावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. दादा हो म्हणाला.

माझ्या आईनं सगळ्यांना बजावलं, "सुमनले काही सांगू नोका. बाळंतीण रडली तं दूध आटते."

आमच्याकडे अशीच रीत. सुमनवहिनीला सांगितलं — बाळ झोपलंय.

दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. ती एकदम म्हणाली, "ताई, माहा उजवा पाय गार पडून राह्यला. पाहा बरं."

खरंच गार होता! डावा मात्र नेहमीसारखा ऊबदार. "वारा लागला असंन," म्हणत आई शेगडी आणायला गेली. तेवढ्यात दादा अंगणातून धावत आला आणि मला बाहेर घेऊन गेला.

"बाळाचा पाय पांढरा पडला वं... उजवा. डॉक्टरनं नळी काढली."

नळीपाशी रक्ताची गुठळी झाली असावी, असं डॉक्टर म्हणाले. बिचाऱ्यांनी खूप धडपड केली, पण पाय निळा होत गेला आणि बाळ मलूल होत गेलं.

इकडे आई वहिनीचा पाय शेकत होती. वहिनीचं एकच — "मले बाळ दाखवा. एक डाव तरी दाखवा."

"आई, दाखवू दे ना वं तिले," मी म्हटलं. आईनं डोळे वटारले.

दिवेलागणीला वहिनीनं आईचा हात धरला. "पुरे करा आता. पाय बरा झाला." मी हात लावला... पाय ऊबदार होता.

भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "गेलं ना माहं लेकरू? आता तरी दाखवता का?"

दादा त्यानंतर आला, अंगण ओलांडून, रडत.

बाळ मांडीवर ठेवलं तेव्हा तिनं आधी दुपट्यातून त्याचा उजवा पाय बाहेर काढला आणि तळहातांत धरून चोळत बसली. आईसकट कुणीही तिला थांबवलं नाही.

तिला कसं कळलं, पाय कसा गार पडला — मला आजही सांगता येत नाही. योगायोग म्हणा हवं तर. त्याचं मला एवढं काही वाटत नाही. जीव तुटतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी... दुपारी ते लेकरू जिवंत होतं, आणि त्याची आई एका अंगणाएवढ्या अंतरावर त्याला मागत होती.