भामाबाईंची देवडी

गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या त्या कोठीनं जितके धंदे केले तितके एखाद्या माणसानं केले असते, तर लोकांनी त्याला नावं ठेवली असती. निजामाच्या कुणा अंमलदारानं ती बांधली. दगडी जोतं, चुन्यातल्या दोन हात रुंद भिंती, तीन कमानी, मधे हौद. अंमलदार गेला, कचेरी आली. कचेरी गेली, मुलींची शाळा आली. मग हौद बुजवून मंगल कार्यालय झालं, आणि आता कापडवाल्याचं गोदाम.

दारालगतच्या देवडीत, म्हणजे पहारेकऱ्याच्या खोलीत, भामाबाई मात्र कायम. नवरा सांडू शाळेचा पहारेकरी म्हणून इथं आला आणि इथंच वारला. पुढं भामाबाईंनी लग्नांची भांडी घासली, मग गोदाम झाडलं. पगार नावालाच, राहायला देवडी हाच खरा पगार. कोठी उभी आहे तोवर डोक्यावर छप्पर आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दरवर्षी बाबासाहेबांच्या जयंतीआधी त्या चुना भिजवायच्या आणि देवडीसकट रस्त्याकडची सगळी भिंत पांढरीशुभ्र करायच्या. "फुकटची मजुरी कशाला?" कापडवाला विचारायचा.

"तुमच्या भिंतीसाठी नाय, माझ्या सणासाठी," बाई फटकन सांगायच्या.

मुलगा संघपाल वाळूजला कंत्राटी कामावर, चौघांत एक खोली. चुन्यानं फुटलेली आईची बोटं त्याला बघवत नव्हती. यंदा ओव्हरटाइम करून त्यानं सिमेंट आणि निळा ऑइलपेंट आणला, भिंत खरवडून लिंपली, वर रंग चढवला. "माय, आता चुन्यात हात घालायचा नाय," तो म्हणाला. भिंत अशी चमकली, की बाई काम नसताना दारात उभ्या राहू लागल्या.

पावसाळ्यात रंगाला फुगे आले. दाबलं की आतून पाणी. भाद्रपदात एका सकाळी भिंतीचं पोट सुटलं आणि ती कमानीसकट रस्त्यावर आली. नशीब, खाली कुणी नव्हतं.

महापालिकेची इंजिनीअर पोरगी आली. पडलेलं ढेकूळ हातात घेऊन म्हणाली, "चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट, ऑइलपेंट थापलं, ओल आतच कोंडली. चुनाच देत राहिले असते तर पडली नसती. कुणी केलं हे?"

"म्या केलं," भामाबाई म्हणाल्या.

कोठी पाडायचा हुकूम निघाला. कापडवाल्याला तेच हवं होतं. दुकानं काढायची म्हणून तो कधीचा टपलेला. देवडी जाणार याचं दुःख होतंच. पण भामाबाईंचं काळीज पोखरत होती ती वेगळीच भीती: इंजिनीअर पोरीचं बोलणं संघपालच्या कानावर गेलं तर पोरगा जन्मभर स्वतःला खाईल.

रविवारी तो टेम्पो घेऊन आला. खोलीतल्या दोस्तांनी आईला ठेवून घ्यायला हो म्हटलं होतं, पण चौघांचा स्वयंपाक तिनं करायचा आणि रात्रपाळीवाले दिवसा झोपले की बाहेर बसायचं. हे त्यानं खाली मान घालून सांगितलं. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. बाईंनी बोचकं टेम्पोत टाकलं.

पडक्या भिंतीकडे बघत संघपाल म्हणाला, "आपुन सिमेंट लावलं म्हून यवढी तरी टिकली, माय. नायतर कव्हाच पडली असती."

इतक्या दिवसांत त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच जरा समाधान दिसलं.

"व्हय," भामाबाई म्हणाल्या, आणि टेम्पोत चढल्या.